पडद्यावर पडलेला पूल

सन २०२३. मला एकाहत्तरावं चालू होतं. काशीतल्या आमच्या जुन्या पुलाचं काँक्रीट तरुणपणी मी घमेल्याने वाहिलेलं. सून रोज स्कूटीवर त्याच पुलावरून पलीकडे शाळेत शिकवायला जाते.

त्या दिवशी पुलाखाली पूल तपासायला आलेली एक मुलगी खांबावर हातोडी ठोकत होती. ठोकायची, डोळे मिटून ऐकायची, मग कॉम्प्युटरमध्ये काहीतरी भरायची. बोलली तर मराठीच निघाली.

"पोरी, मजबूत आहे तो," मी दरडावलं.

"या आजोबा, बघा."

पडद्यावर आमचाच पूल होता. ती त्यावर एकेक ट्रक चढवत गेली. मधली तुळई पिवळी झाली, लाल झाली आणि तुटली.

"खोटं आहे हे!"

"खोटंच आहे. इथे कितीदाही पडला तरी कोणी मरत नाही. म्हणून तर आधी इथे पाडून बघते."

"मग खरा कधी पडेल?"

तिने हातोडी ओढणीला पुसली. "ते ठाऊक असतं तर मी अशी खाली उभी राहून ठोकत बसले असते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला घाटावर नेऊन नावेत बसवलं. मी मात्र पुलावरूनच गेलो. चालत, अगदी मधोमध.