घरची माशी, दुकानचा भाव

‘घरी बांधली की फुकटात पडते’ हे वाक्य ज्यानं कुणी काढलं, त्याला एकदा माझ्या ओट्यावर आणून बसवायचं आहे. ऐन थंडीत, सकाळच्या पारी, मांडीवर कोंबड्याची पिसं घेऊन.

आमचे हे शहाद्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले आणि मुलानं पुण्याहून त्यांना मासे धरायची काठी पाठवली. तापी घरापासून जवळ. पण आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. म्हणून मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, असा यांचा नेम ठरला. या काठीला गांडूळ चालत नाही. तिला लागते खोटी माशी. म्हणजे बारीक गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला किडा. पाण्यावर पडला की चिलापी मासळी फसते.

त्या माश्या हे मोबाईलवरून मागवायचे. एका माशीला लिटरभर दुधाचे पैसे! आणि त्या माशांनी कमी नि काठावरच्या बाभळींनी जास्त खाल्ल्या. काठी मागे फिरवली की माशी बाभळीत अडकायची, दोरा तुटायचा, हे हात हलवत घरी यायचे. मी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घातली की यांना चारचौघांत लाज वाटते. इथे दुधाच्या पिशव्या बाभळीवर टांगून येताना वाटत नव्हती.

एकदा एक मोडकी माशी मी उजेडात धरून उसवली. आत काय, तर शिवणाचा दोरा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस. मला संतापच आला. जन्मभर देवासाठी वाती वळल्या, फॉल शिवले, गोधड्या घातल्या. हे मला येणार नव्हतं?

पण पीस घरात आणायचं कसं? सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, “कोंबडानं पीस उंबराना आत आनानं नही.” म्हणून ओट्यावर बसायचं, कात्री वेगळी ठेवायची आणि उठलं की आंघोळ करूनच चुलीला हात लावायचा. शेतात कामाला येणाऱ्या बाईनं तिच्या कोंबड्यांची पिसं आणून दिली. पकडीच्या मुठीला रबर लावून तिच्या तोंडात गळ धरायचा आणि दोरा गुंडाळायचा, ही युक्ती माझीच. पहिल्या माशीचं पोट मी घरच्या कापसाचं केलं, वातीसारखं वळून. ती पाणी पिऊन बुडाली. मग फुलवात भिजवतात तशी तुपात बुडवली, तर सकाळी सगळ्या मुंग्याच. शेवटी मेण चोळलं आणि माशी तरंगायला लागली. माझ्या माशीला पहिली चिलापी लागली, त्या दिवशी हे गल्लीभर सांगत सुटले. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू?

यांचे एक मित्र आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. तेही काठी घेऊन तापीवर जातात. एकदा त्यांना चहा देताना मी यांचं बोलणं ऐकलं, “घरनी शे ना, फुकट पडस. तुले भी बारा बांधी देई ती.”

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! माझे डोळे, माझी पाठ, माझ्या थंडीतल्या दुसऱ्या आंघोळी, आणि फुकट? गळाचे, दोऱ्याचे, मेणाचे पैसे यांनी बरोबर धरले होते. माझे हातच तेवढे हिशोबात नव्हते. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी देतो, ब्लाउजाची शिलाई आधी मोजतो. मग मी काय ओट्याचा खांब आहे?

मित्र गेल्यावर मी म्हटलं, “बांधते बारा. पण दुकानच्या निम्म्या भावानं.”

हे हसले. चेष्टाच वाटली त्यांना. “घरना घरमा कसाना पैसा?”

मी पिशवी भरली आणि म्हसावदला आईकडे निघून गेले. परत आले तर टेबलावर पार्सल. बारा माश्या, मित्रासाठी पूर्ण भावानं मागवलेल्या. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्या दुकानदाराला पैसे देताना ‘घरना घरमा’ आठवलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्याकडे पिकतं तिथं मोजतसुद्धा नाहीत. त्या रात्री मी जेवले नाही.

आठवड्यानं ते मित्र दारात आले. म्हणाले, “वहिनी, तुमना हातनी माशी पाणीवर बसस. दुकाननी बुडी जास. सहा बांधी द्या ना.”

मी यांच्या देखत सांगितलं, “दुकानना भाव पडी.”

“पडू द्या ना,” ते म्हणाले आणि तिथेच खिशातून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. घासाघीस नाही, आश्चर्य नाही. शिंप्याला देतात तसे दिले.

त्यांची पाठ वळताच हे तणतणले, “परत दी टाक. मित्र शे मन्हा. त्याले काय वाटनं व्हई?”

मला काय वाटलं असेल, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी पैसे परत दिले नाहीत. सहा माश्या बांधून पोहोचवल्या.

मग यांची माश्यांची डबी रिकामी झाली. ओट्याशी घुटमळत म्हणाले, “मन्हासाठे चार बांध.” मी तोच भाव सांगितला. एक पैसा कमी नाही, एक जास्त नाही. ते आत निघून गेले.

आता ते मित्र माझ्याकडून माश्या नेतात आणि हे अजून मोबाईलवरून मागवतात. तेच पैसे माझ्या हातावर ठेवले असते, तर घरातच राहिले असते. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे कळत नाही, असं नाही.