सिंधूताईंच्या जोड्या

सिंधूताईंच्या नाकावर सदा राग असतो असं अख्खी झाशी म्हणते. तो तिथे कुणी बसवला हे कुणी म्हणत नाही. बसवला अनंतरावांनी. हे त्यांचे यजमान, रेल्वेतले निवृत्त गार्ड. हिरवी झेंडी दाखवायची सवय अशी मुरलेली, की घरातही त्यांच्या परवानगीवाचून कुणाचं तोंड हलता कामा नये.

गेल्या गणपतीत तर कहर झाला. मुलगा अमित मेलबर्नहून आला तो आपल्या गोऱ्या साहेबालाही जवळचं ओरछा दाखवायला घेऊन आला. सिंधूताईंनी मायेनं विचारलं, "हार्ड टी?" कडक चहा हो, दुसरं काय! साहेब बिचारा मुकाट प्यायला. पण अनंतरावांनी आरतीनंतर तो किस्सा मंडळात प्रसादासारखा वाटला. "ये देखिए, हमारी श्रीमतीजी की अंग्रेजी!" म्हणून वर टाळ्याही घेतल्या.

तेव्हापासून अमितच्या लेकीचा, मयुराचा, व्हिडिओ फोन आला की ते ताईंना म्हणायचे, "तुला काय कळणार? मी बोलतो." पोरीला मराठी येत नाही. आजी तिला दिसायची ती नुसती, आजोबांच्या खांद्याआडून.

सिंधूताई पेटल्या. बडा बाजारात आभाकडे इंग्रजीची शिकवणी लावली. आभा म्हणाली, "आंटीजी, अकेला शब्द मत रटिए, जोड़ी रटिए." चहा स्ट्राँग, पाऊस हेवी, झोप डीप. ताई फोडणी घालताना जोड्या घोकायच्या आणि मोहरीपेक्षा जास्त तडतडायच्या.

रविवारी दुपारी फोन वाजला. अनंतरावांनी हात पुढे करायच्या आत ताईंनी तो उचलला, तडक गच्चीवर गेल्या आणि पलीकडून कडी घातली.

"अगं, काय बोलणारेस तू? येतंय काय तुला?" दारावर थापा.

"येतं तेवढं पुरे! तुम्ही गप्प बसा!"

मग धापा टाकत, "मयुरा, हेवी रेन?"

पोरगी चमकली. "नो, आजी! स्ट्राँग विंड!"

"स्ट्राँग टी?"

"यक! कोल्ड मिल्क!" आणि ती शिंकली.

"बॅड कोल्ड!" आजी कडाडली. "हॉट सूप!"

"अगं, तिला अभ्यासाचं विचार!" दार हादरलं.

"आजी, व्हॉट्स दॅट?"

सिंधूताईंनी दाराकडे जळजळीत नजर टाकली. "लाउड नॉइज," म्हणाल्या, आणि फोन घेऊन पाण्याच्या टाकीपलीकडे जाऊन बसल्या.