जाड रेघ

"आत कोनी बिमार शे का?" आमच्या विभागातल्या शिपाईनानांनी दाराबाहेर मला विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. आत सर द्रावणाची समजूत काढत होते. "थोडंच राहिलंय, घाबरू नको," असं ते ज्या आवाजात म्हणायचे, त्या आवाजात अख्ख्या धुळ्यात कोणी सख्ख्या आजीशीही बोलत नसेल. जगात द्रावणातल्या तांब्याची बाजू घेणारा एकच माणूस उरलाय, आणि तो माझा गाइड आहे, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

मी पीएच.डी.साठी रोज एरंडोलहून बसने धुळ्याला जायचे. प्रयोग सांगायला सोपा होता. तांब्याच्या एका संयुगाचं द्रावण चपट्या कुपीत घ्यायचं, त्यात प्लॅटिनमची जाळी बुडवून वीज द्यायची आणि त्याच वेळी आरपार प्रकाश सोडून रंग मोजत राहायचं. इलेक्ट्रॉन काढून घेतला की शेंदरी द्रावण फिकट हिरवं होतं, परत दिला की पुन्हा शेंदरी. सर बारा वर्षं हेच सांगत होते. जाळी चोरीला जाईल म्हणून ते ती त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कुंकवाच्या करंड्यात घालून घरी न्यायचे. एका संक्रांतीला तो करंडा हळदीकुंकवात फिरून आला आणि आमच्या आलेखात आठवडाभर एक अनोळखी शिखर उगवत राहिलं. सरांनी त्यावर चार पानं टिपणं काढली. पंख्याने द्रावण हलतं म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. एकदा मला चक्कर आली, तेव्हा त्यांनी आधी कुपी सावरली, मग मला पाणी दिलं. आणि इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी काकूंकडून माझ्यासाठी पातोड्यांच्या भाजीचा वेगळा डबा आला.

आलेख मात्र ते जाड रेघेतच छापायला लावायचे. बारीक रेघ चष्म्याला दिसत नाही, म्हणायचे. द्रावणात संयुगाची शेंदरी आणि हिरवं अशी दोनच रूपं असतील, तर दर मोजणीला उमटणाऱ्या सगळ्या रेघा एकाच बिंदूत छेदतात. आमच्या छेदायच्या. सर तिथे बोट ठेवून म्हणायचे, "बठ्ठ्या इथे भेटतात, बेटा."

मार्चमध्ये, सहजच, मी रेघ बारीक केली. बिंदू फुटला. रेघा तीन ठिकाणी छेदत होत्या. म्हणजे मध्ये तिसरंच काहीतरी तयार होत होतं, संयुग मोडत होतं. मी जुन्या फायली उघडल्या. सगळ्या तशाच. महिनाभर मी कोणालाच काही सांगितलं नाही. माझा प्रबंधही त्याच बिंदूवर उभा होता, त्यामुळे गप्प राहणं मला सोयीचंच होतं. सर एप्रिलअखेरीस निवृत्त होणार होते, त्या खोलीत परीक्षेचे कॉम्प्युटर बसणार होते, आणि त्याआधी शोधनिबंध छापायला जायचा होता.

शेवटच्या शनिवारी त्यांनी तो मला वाचायला दिला. लेखकांत माझं नाव पहिलं होतं. खाली स्वतःचं, जरा लहान अक्षरात, चुकून झालं असावं तसं. नवा सदरा घालून ते समोर बसले होते, पाठवायचं बटण मी दाबावं म्हणून. मी सांगायचं वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत. दोन्हीकडे ते सारखंच वाईट होतं. सर म्हणाले, "दाब ना."

मी माउसवरचा हात काढला आणि म्हणाले, "सर, त्या सगळ्या तिथे भेटत नाहीत. मी रेघ बारीक करून पाहिली."