बुधीआयची कॅसेट

बुधीआय ओळ अर्धी सोडायची. वीटभट्टीवर साच्यात चिखल दाबता दाबता अर्धी ओळ म्हणायची आणि गप्प. उरलेली शेजारच्या बायका पुरी करायच्या, नाहीतर कुणीच करायचं नाही. साच्यांचा आवाज तेवढा येत राहायचा. आटगावपलीकडच्या वाडीतली ही म्हातारी दर दिवाळीनंतर भट्टीवर जायची, पावसाआधी परतायची. तिची गाणी त्या जाण्याचीच होती.

मी पत्रकांवर वाढले. वडील कष्टकऱ्यांच्या संघटनेचं काम करायचे. घरात पीठ नसलं तरी कागद असायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, विशीत, मीही लिहू-बोलू लागले. शहापूरच्या तहसील कचेरीवरच्या मोर्चात मी जळजळीत भाषण केलं, तेव्हा लोक माझ्याच पत्रकाने वारा घेत होते. मग बुधीआय बसल्या जागेवरून गायली. वारा घेणारे हात थांबले. मी टाळ्या वाजवल्या आणि आतून जळत राहिले.

संघटनेने तिची कॅसेट काढायचं ठरवलं, तीही मुरबाडच्या एका लग्नाच्या बँडबरोबर. मी बैठकीत उठून उभी राहिले. "कष्टकऱ्यांच्या गाण्याला वरातीचा बाजा? शोभतं हे आपल्याला?"

कोपऱ्यातून बुधीआय म्हणाली, "आमच्या वरातीत कदी बँड आला नाय गो. आता तरी येऊ दे."

सगळे हसले. माझा विरोध तिथेच संपला.

खरं सांगायचं तर मला त्या कॅसेटमध्ये माझं एक गाणं हवं होतं. सहा कडवी लिहिली होती, प्रत्येकात एक मागणी. मे अखेरीस, आय भट्टीवरून परतल्यावर, मुरबाडच्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात रेकॉर्डिंग झालं. बँडमास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून आलेले. आय ओळ अर्धी सोडायची. मास्तर ती सॅक्सोफोनवर उचलायचे, भलतीकडेच फिरवून आणायचे आणि पुन्हा तिच्या स्वाधीन करायचे. मागून दोन ट्रम्पेट हळूच हुंकार भरायचे.

"रडतोस का वाजवतोस रे, मास्तर?"

"तुम्हीच सांगा, आय."

माझ्या गाण्यात मास्तरांना शिरायला फट मिळेना. आयने पहिलं कडवं तीनदा म्हणून पाहिलं. शेवटी आय म्हणाली, "सगला तूच बोललीस गो. आमी काय बोलायचा?" गाणं वगळलं. बाहेर मी सांगितलं, टेप पुरली नाही.

कॅसेट शहापूरच्या जीपगाड्यांत वाजू लागली. ती लागली की मी जीप बदलायचे.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात आय आजारी पडली. मी भेटायला गेले. ती कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती.

"राग गेला का?"

"कसला राग?" मी म्हणाले.

"मंग बस." आणि तिने माझं गाणं म्हटलं. सहाही कडवी, एक शब्द न चुकता. तिला वाचता येत नव्हतं. नातीकडून वाचून घेऊन रेकॉर्डिंगच्या आधीच तिने ते पाठ केलं होतं. "म्हैना लागला," ती म्हणाली. "डोक्यात बसला, पन साचा दाबताना हाताला नाय लागला."

गाणं वाईट होतं. त्या दिवशी मला ते स्वच्छ ऐकू आलं. तरी तिच्या गळ्यात ते चांगलं वाटत होतं, आणि तिचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.

दिवाळीआधी ती गेली. पुढे संघटनेच्या पोरांनी माझं ते गाणं बसवायला मागितलं. मी दिलं नाही.