मौसम संपला म्हणून काढलेलं पेज

माझं काम काय आहे हे सांगायला गेलं की ऐकणाऱ्याची नजर अर्ध्यातच दुसरीकडे जाते, म्हणून थोडक्यात सांगते. लोक हंगामात जे शोधणार असतात, ते मी हंगामाच्या बऱ्याच आधी दुकानदाराच्या वेबसाइटवर लिहून ठेवते. कूलरवाल्याचं काम मी स्वेटर घालून करते. मंडपवाल्याचं पितृपक्षात, लोणारच्या एका लॉजचं भर पावसाळ्यात. कारण नवं पेज टाकलं की ते सर्चमध्ये लगेच वर येत नाही. दोन-अडीच महिने जातात, कधी त्याहून जास्त. बुलडाण्यात घरी बसून मी हे करते आणि घरच्यांची अजून अशी समजूत आहे की मी दिवसभर मोबाइल पाहते.

मामांची रोपवाटिका देऊळघाटला. वांगी, टमाटे, कोबी सगळी रोपं करतात, पण त्यांचं नाव मिरचीच्या रोपांसाठी. पूर्वी होळीच्या आधी ते मोटारसायकल काढायचे, धाडच्या बाजारापासून आजूबाजूची सगळी गावं पालथी घालायचे आणि कोणाला किती रोपं लागणार ते विचारून यायचे. मग गाडीवरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि फिरणं बंद झालं. मामी म्हणाल्या, आता पुरे. शेजारच्या शेतकऱ्याला काकडीसाठी आपलं रोपांवरचं हिरव्या जाळीचं शेडनेट हवंच होतं, त्याला देऊन मोकळे व्हा. मामा मुळातच कमी बोलतात, आणि मनाविरुद्ध असेल तर तेवढंही नाही. तेव्हा मीच मध्ये तोंड घातलं: मी वेबसाइट करून देते, गिऱ्हाईक घरी चालून येईल.

पहिल्या वर्षी पेज उशिरा वर आलं, पण आलं. हंगामाच्या शेवटी बुलडाण्यात मिरचीची रोपं कोणी शोधली की मामांचं पेज सगळ्यांत वर दिसायचं. मी इतकी फुगले की मामांना पासवर्ड देऊन टाकला आणि फोटो कसा टाकायचा, मजकूर कसा बदलायचा, पेज टाकायचं कसं, काढायचं कसं, सगळं शिकवलं. मामा सातवीपर्यंत शिकलेले, पण एकदा दाखवलेलं विसरत नाहीत. त्याच तोऱ्यात मी त्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी दुप्पट रोपं करा, खपतील.

मामींनी अट घातली. यंदाची सगळी रोपं गेली तर मामांचं खरं. नाही गेली तर शेडनेट शेजाऱ्याला, आणि मग त्यावर पुन्हा बोलायचं नाही. मामांनी मान हलवली, आणि होळी झाल्यावर दुप्पट ट्रेमध्ये बी टाकलं.

आता माझी गोष्ट. मी मामांच्या पेजकडे पौषातच बघायला हवं होतं. पण लग्नसराई तोंडावर होती, मंडपवाल्याचे रोज फोन येत होते, आणि मामा काय घरचेच. जगाला दोन महिने आधी जागं करणारी मी, बी उगवून आल्यावर मामांची वेबसाइट उघडून बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मिरचीचं पेज तिथं नव्हतंच. मला वाटलं, काही बिघाड असेल. तासभर शोधलं आणि दुपारच्या उन्हात गाडी काढून देऊळघाटला गेले.

मामा शेडनेटमध्ये स्टुलावर बसून ट्रेला झारीनं पाणी घालत होते.

"मामा, मिरचीचं पेज कुठी गेलं?"

"काढून टाकलं."

"कधी?"

"मौसम संपला तवाच. श्रावणात."

"पण काऊन?"

मामांनी झारी खाली ठेवली. मी काहीतरी अगदी बाळबोध विचारलं असावं असा त्यांचा चेहरा होता. "जुनं ठेवत असते का बाई? मौसम संपला की ट्रे दवाईच्या पाण्यात धुवा लागते, जुनी माती दूर फेका लागते. एक रोप जरी मांगं राह्यलं, तरी नव्या रोपाइले कोकडा लागते."

कोकडा म्हणजे मिरचीची पानं आवळून झाड खुरटं करणारा रोग. पुढल्या पिढीला तो मागच्या पिढीकडून लागतो, म्हणून मामांच्या शेडनेटमध्ये पावसाळ्यात एक काडी सापडत नाही. चांगल्या रोपवाटिकेची हीच खूण समजतात. मी आशेनं विचारलं की काढलेलं पेज वेबसाइटच्या कचऱ्याच्या डब्यात तरी असेल.

"डबा बी साफ केला," मामा म्हणाले. "कचरा घरात काऊन ठेवायचा?"

मला राग आला आणि मी तो गिळला नाही. म्हटलं, "मामा, हे शेडनेट नोहे. इथं जुनं तेच कामाचं असते. पेज जितकं जुनं, तितकं ते वर टिकते. तुम्ही वर्षाची मेहनत उकिरड्यावर टाकली."

मामांनी झारी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "हे तू मले तवा नाही सांगतलं."

खरं होतं. काढायचं कसं ते मी शिकवलं होतं. काढायचं नाही, हे सांगायचं राहिलं होतं. हंगाम संपल्यावर मामा काय करतात हे मी वेबसाइट केल्यापासून एकदाही विचारलं नव्हतं, आणि लहानपणी तर त्यांच्यासोबत तेच ट्रे धुतले होते. राग तसाच राहिला, फक्त आता तो माझ्यावर होता.

तिथंच बसून मी नवं पेज लिहिलं. मागच्या वेळी मी माझ्या डोक्यानं लिहिलं होतं. या वेळी मामांना विचारलं की लोक फोनवर काय विचारतात. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं घातलं: रोप किती बोटांचं झालं की लावावं, रोहिणीत लावलं तर चालेल का, मृगात लावलं तर काय होतं, कोकडा येऊ नये म्हणून काय करावं. मजकूर आधीच्यापेक्षा बरा झाला होता. पण बऱ्या मजकुरालाही वर यायला वेळ लागतो, आणि ट्रेमधल्या रोपांना तेवढा वेळ नसतो.

अक्षय तृतीयेपर्यंत रोपं लावणीला आली. जुनी गिऱ्हाइकं आली, त्यांनी निम्मी नेली. उरलेल्या निम्म्यासाठी मी रोज सकाळी सर्च उघडून पाहायची. पेज कुठंतरी खूप खाली पडलेलं असायचं. मामांनी रोपांचे शेंडे खुडले, पाणी कमी केलं, त्यानं वाढ आठ-दहा दिवस थांबते. त्यानंतर थांबली नाही. रोपं लांब झाली, मुळं ट्रेमध्ये गुंडाळली गेली. तसलं रोप शेतात जीव धरत नाही. मामांनी ते कोणाला फुकटही दिलं नाही, म्हणाले, नाव खराब होते. ज्या दिवशी ती रोपं फेकली, त्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि ट्रे उचलू लागले. मामी मला बोलायचं सोडून माझ्यासोबत ट्रे उचलू लागल्या, त्यामुळे जास्त लाज वाटली.

शेजारी येऊन शेडनेटची लांबी-रुंदी मोजून गेला. आषाढ लागला की ताबा, असं मामींनी त्याला सांगितलं. मामा तेव्हा ट्रे धूत होते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, मृग लागल्यावर, पेज वर आलं. मी पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता. पण पेजवर फोन नंबर मामांचा होता, त्यामुळे त्यांना सांगायची गरज पडली नाही.

त्या आठवड्यात मी देऊळघाटला गेले तर मामा ओसरीत बाजेवर बसून फोनवर बोलत होते. समोरचा अनोळखी, आवाजावरून तरुण वाटणारा. रोपं संपली, हे मामांनी त्याला आधीच सांगितलं असावं, कारण आता ते त्याला जमीन कशी आहे, पाणी किती आहे, हे विचारत होते. यंदा कुठून रोपं घ्यावीत, तेही सांगितलं. फोन ठेवला तर दुसरा आला. त्यालाही तेवढंच सविस्तर. एरवी मामींशी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस. मामी चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच उभ्या राहिल्या.

तिसरा फोन आला. मामांनी पेन मागितलं.

"गाव सांगा... हाव. किती एकर?... लिहून घेतो. पुढच्या साली होळीच्या आधी फोन करजा, तुमची रोपं अलग काढून ठेवतो."

मी मामींकडे पाहिलं. मला वाटलं, पुढच्या साली पुन्हा रोपं करायचं मामांनी ठरवलंय हे त्यांना ठाऊक असेल. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल. 

मामांनी फोन खाली ठेवला. मामी म्हणाल्या, "शेजाऱ्याले मी हो म्हणून बसली."

"मंग नाही म्हणून सांगून दे," मामा म्हणाले. पुन्हा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला.

मामींनी कप बाजेवर ठेवला, पदर खोचला, चपला घातल्या आणि शेजाऱ्याच्या शेताकडे निघाल्या.