मशीन कोथिंबीर मागतंय

सीड्या कुणाला नकोशा झाल्या की त्या आमच्या घरी यायच्या. आमच्या म्हणजे माझ्या माहेरी, डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला, जिथे आता आई-बाबा दोघंच राहतात. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. कुणी घर बदललं, कुणी कपाट साफ केलं, की त्यांना फोन यायचा आणि ते कापडी पिशवी घेऊन निघायचे. पिशवीत भीमगीतं असायची, शाहिरी असायची, कव्वाल्या, जुनी हिंदी गाणी, एकदा तर घरबसल्या इंग्रजी शिकवणारा सीड्यांचा अख्खा संच. शोकेस भरलं, पलंगाखालची जागा भरली. गोधड्या कुठे ठेवायच्या, असं आईने विचारलं, तेव्हा बाबांनी एकदम शांतपणे सांगितलं की गोधड्या काय, कुठेही मिळतात.

आई काही बोलली नाही. तिचं न बोलणं हा काळजीचा विषय आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. गप्पा मारता मारता पट्ट्यावरची एखादी रिकामी स्ट्रिप बरोबर उचलायची. तिला सगळं दिसतं. कधी सांगायचं, ते मात्र ती ठरवते.

मग ते मशीन आलं. मागच्या बिल्डिंगमधले काका रिडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करत होते. त्यांच्या मुलाने कधीतरी अमेरिकेहून आणलेला सीडी चेंजर माळ्यावर पडून होता. लहान सुटकेसएवढी काळी पेटी, पुढे काचेचं दार, आत गोल चाक, आणि चाकाला दोनशेवर खाचा. प्रत्येक खाचेत एक सीडी उभी करायची, बाहेरची खुंटी फिरवून नंबर निवडायचा, की चाक फिरतं आणि ती सीडी आपोआप वाजते. काकांनी बाबांना दाखवलं आणि म्हणाले की घेऊन जा, नाहीतर भंगारात जाणार. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल ते मी न बघताही सांगू शकते.

मी ठाण्याला बाळकुमला राहते. रविवारी स्कूटरवरून, शीळफाट्याची धूळ खात, घरी पोचले तर हॉलच्या मध्यभागी पेटी, तिच्या बाजूला एक जड लोखंडी ठोकळा आणि त्या दोघांच्या मध्ये मांडी घालून बाबा. अमेरिकेची वीज आपल्याहून कमी दाबाची, त्यामुळे मशीन थेट आपल्या प्लगला लावलं तर जळेल, म्हणून काकांनी सोबत हा कन्व्हर्टर दिलेला. बाबांनी तो लावला, मशीन सुरू झालं, पुढच्या काळ्या पट्टीवर निळी अक्षरं पेटली. पण चाक काही फिरेना. आतून नुसता गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. बाबांनी पेटीला दोन हलक्या चापट्या मारल्या. खात्यात असताना ते असंच करायचे म्हणे.

मी मोबाइलवर त्या मॉडेलचं माहितीपत्रक शोधून काढलं. प्रवासात चाक हलू नये म्हणून खालून स्क्रू लावलेले असतात, ते आधी काढायचे, असं पहिल्याच पानावर होतं. म्हणजे अमेरिकेहून आल्यापासून ते मशीन एकदाही वाजलेलं नव्हतं. स्क्रू काढले आणि चाक असं मऊ फिरलं की बाबांनी माझा हात धरला.

त्यानंतर सीड्या भरणं सुरू झालं. सगळी दुपार बाबा एकेक सीडी कडेने धरून, फुंकर मारून, खाचेत सरकवत होते. आई समोर बसून लसूण सोलत होती. भीमगीतं आधी, मग शाहिरी, मग कव्वाली, शेवटी हिंदी. आईची नव्वद सालानंतरच्या नाचाच्या गाण्यांची एक सीडी होती, तिला बाबांनी सगळ्यात शेवटची खाच दिली. सगळं भरून झालं, बाबांनी बटण दाबलं. चाक फिरलं, थांबलं, आत काहीतरी खट्कन वाजलं आणि पट्टीवर आलं की डिस्क नाही. दुसरा नंबर, डिस्क नाही. तिसरा, तेच. बाबा घामाघूम.

आई लसणाची सालं गोळा करत म्हणाली, "सगळ्या उलट्या लावल्यात. दाराच्या आत चित्र आहे, छापील बाजू उजवीकडे ठेवायची म्हणून."

तिने ते कधी पाहिलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, पहिली सीडी गेली तेव्हाच. मग सांगितलं का नाही?

"मला वाटलं, त्यांना तसंच हवं असेल."

बाबांनी सगळ्या सीड्या काढून पुन्हा भरल्या. आई स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून बराच वेळ कढईपेक्षा तिच्या हसण्याचाच आवाज येत होता.

या मशीनला आणखी एक करामत होती. मागे जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड लावायची जागा होती. कीबोर्ड लावून प्रत्येक सीडीला इंग्रजी अक्षरांत नाव देता यायचं, तेरा अक्षरांपर्यंत. खुंटी फिरवली की नंबरासोबत ते नाव पट्टीवर दिसायचं. माझ्याकडे तसला एक पिवळा पडलेला कीबोर्ड होता, तो मी पुढच्या रविवारी नेऊन दिला. बाबा एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर शोधताना ते मोठ्याने म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कंटाळले. मग बाबा कव्हर वाचून दाखवणार आणि आई टाइप करणार असं ठरलं. कारखान्यात शेवटची काही वर्षं तिला बॅच नंबर टाकायचं काम होतं, तिची बोटं सरसर चालायची. आठवड्याभरात सगळ्या खाचांना नावं लागली. किल्ली आपण कुणाच्या हातात देतोय, हे बाबांच्या लक्षातही आलं नाही.

आता बाबांचा दिवस त्या खुंटीपुढे जाऊ लागला. आई सांगायची की दळण आणा, गोळी घ्या, बाथरूमचा नळ गळतोय. बाबा हो म्हणायचे. ते हो कव्वालीच्या ठेक्यात बसलेलं असायचं, त्याला अर्थ नसायचा. आईने मला फोनवर सांगितलं की मी आता भिंतीशी बोलते, ती निदान हो तरी म्हणत नाही.

मग एका सकाळी मी ऑफिसला निघालेले आणि बाबांचा फोन आला. आवाज गंभीर.

"मशीन बिघडलंय. कोथिंबीर मागतंय."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं, की त्यांनी त्यांच्या आवडत्या कव्वालीचा नंबर लावला, तर पट्टीवर नावाच्या जागी आलं, कोथिंबीर आणा. बंद करून सुरू केलं, तरी तेच. अमेरिकेच्या मशीनला कोथिंबीर कशी माहीत, असा त्यांचा प्रश्न होता. मी विचारलं, आई कुठे आहे? ते म्हणाले, ठेवतो, आणि फोन कट झाला. नंतर कळलं की ते खाली उतरून कोथिंबीर घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि चकार शब्द बोलले नाहीत. आईने जुडी निवडायला घेतली.

तिथून खेळ रंगला. बाबा अंघोळीला गेले की आई दोन-तीन नावं बदलायची. कुठल्या सीडीला ते आज हात घालणार हे तिला बरोबर कळायचं. शाहिरीच्या जागी दळण आणा. बुद्धवंदनेला तिने हात लावला नाही, तेवढा मान ठेवला. बाबा मुकाट्याने कामं करायचे आणि मग जागेवर येऊन तीच सीडी लावायचे. मी रविवारी गेले की आई मला डोळ्यांनी पट्टीकडे बघ म्हणून खुणावायची, आणि आम्ही दोघी ताटात मान घालून जेवायचो. मला फार मजा वाटायची. पण हळूहळू एक गोष्ट जाणवली. लिहून काम होतंय म्हटल्यावर आईने तोंडाने सांगणं जवळजवळ बंदच केलेलं. घरात गाणी वाजत होती, भांडी वाजत होती, बोलणं मात्र कमी झालेलं.

बुद्धपौर्णिमा जवळ आली. विहाराच्या कार्यक्रमात कोणती गाणी लावायची ते ठरवायला समितीची मंडळी आमच्याकडे येणार होती. बाबांनीच बोलावलं होतं, मशीन दाखवायची हौस. त्यात एक रिटायर्ड मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना सर म्हणतात. शिस्तीचे, आणि समोर दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय असलेले. रिक्षात बसले तरी वाटेतल्या पाट्या वाचतात. बाबांनी आदल्या दिवशी स्वतः सगळी नावं तपासून नीट केली होती. फक्त त्या सकाळी ते मिठाई आणायला गेले, एवढंच.

मंडळी बसली. मी पाणी दिलं. बाबांनी खुंटी फिरवली, चाक फिरलं, सगळे कौतुकाने पुढे झुकले. सरांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "गोळी घ्या." सरांनी विचारलं की हे गीत कुणाचं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, गावाकडचं आहे, फार प्रसिद्ध नाही. घाईघाईने त्यांनी खुंटी पुढे नेली. सरांनी वाचलं, ओला टॉवेल. बाबा म्हणाले, तेही गावाकडचंच. मी ओढणी तोंडात कोंबली. पुढच्या खाचेवर होतं, मी रुसले नाही. सर खूश झाले. ही लावणी दिसते, म्हणाले, जुनी असणार, पण आपल्या कार्यक्रमात बसणार नाही. तरी ऐकवा जरा. बाबांना वाजवावंच लागलं, आणि खणखणीत आवाजात एका शाहिराने संविधानावर पोवाडा सुरू केला. सरांनी तो शेवटपर्यंत मान डोलावत ऐकला आणि म्हणाले, शीर्षक फसवं आहे, पण मजकूर उत्तम.

स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज थांबला होता. आई तिथे भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

सरांना आता त्या खुंटीची गोडी लागली. मी फिरवू का, असं विचारून त्यांनी ती हातात घेतली आणि लहान मुलासारखी गरगर फिरवत शेवटपर्यंत नेली. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेवढ्यात चाक थांबलं आणि सरांनी वाचलं, "तू बोल ना."

मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती सगळ्यात शेवटची खाच होती, तिच्या नाचाच्या गाण्यांची. ती सीडी तिने कित्येक दिवस लावलीच नव्हती, त्यामुळे तिथे काय लिहिलंय ते तिला माहीतच नव्हतं. बाबांनी एका बोटाने, अक्षरं शोधून शोधून, ते तिथे लिहून ठेवलेलं. ती कधीतरी ऐकायला येईल आणि वाचेल म्हणून.

"हे मी नाही लिहिलं," आई म्हणाली. तिच्या तोंडून निघून गेलं ते.

सरांनी तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबा चेंजरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत होते, तिथे धूळ नव्हती. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी चहाचा कप घेतला आणि हे गाणं वाजवा, असं काही ते म्हणाले नाहीत. ते बाकीच्यांना लगेच पौर्णिमेच्या मंडपाबद्दल काहीतरी विचारायला लागले.

मंडळी गेल्यावर आई कपबश्या उचलायला आली. बाबा तिथेच बसलेले. ती म्हणाली, "एवढं लिहायला किती वेळ लागला तुम्हाला?"

"यू सापडत नव्हता," बाबा म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. आधी नळाबद्दल. मग तिच्या कारखान्यातली मैत्रीण कल्याणला राहायला गेली त्याबद्दल, माझ्या मावशीच्या गुडघ्याबद्दल, खालच्या भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुडीत काय काय बांधलेलं असतं त्याबद्दल. बाबांनी मशीन बंद केलं. मी निघते म्हणाले तरी दोघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं.

पौर्णिमेच्या कार्यक्रमाला गाणी शेवटी एका पोराच्या पेनड्राइव्हवरूनच वाजली. बाबांना वाईट वाटेल असं मला वाटलेलं, पण ते आईच्या शेजारी बसून खीर खात होते आणि ती त्यांच्या कानात समोरच्या रांगेतल्या कुणाबद्दल तरी सांगत होती.

गेल्या महिन्यात चेंजरचा आतला रबरी पट्टा तुटला. दोघं ते धूड मांडीवर घेऊन रिक्षाने दुरुस्तीवाल्याकडे गेले. पट्टा मिळायला वेळ लागेल, असं तो म्हणाला. तोपर्यंत घरी काय करता, म्हणून मी बाबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले की काही नाही, ऐकतोय.