मागच्या गाडीची हाक

आधी कुंदाताईंचं नाव लिहितो, मग काय झालं ते. कुंदाताई नागपूरच्या. आडनाव विचारायचं राहून गेलं. साठीच्या पुढचं वय, मरून रंगाचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. मुंबईहून जोहान्सबर्गला जाणाऱ्या रात्रीच्या विमानात त्या माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. त्या नसत्या तर हे लिहायला मी राहिलो नसतो… आभार मानायची रीत म्हणून म्हणत नाही, खरंच तसं आहे.

तुमच्या सदरात मागं कुणीतरी विचारलं होतं, रात्रभराच्या विमानात निवांत झोप कशी लागते? त्यावर पुष्कळ उत्तरं आली. उशी कसली घ्यावी, सीट कुठली मागावी. मी ती सगळी वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. मलाही त्या झोपेबद्दलच सांगायचंय, पण ते त्या उत्तरांत बसण्यासारखं नाही म्हणून वेगळं लिहितोय. शाळा सातवीत सुटली माझी, चूकभूल समजून घ्या.

आणि हे पण सांगतो — मी असलं काही मानणारा माणूस नाही. उसाच्या फडात वाढलेलं पोर सापाला भितं. भुताला भ्यायला त्याला सवड नसते.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. आप्पा, म्हणजे माझे वडील, थंडीच्या दिवसांत बैलगाडीनं सहकारी कारखान्यावर ऊस वाहायचे. शाळा सुटल्यावर मीही त्यांच्याच गाडीवर. पुढं त्याच कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि शिकत शिकत पॅनमन झालो, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरणारा. मग एकामागं एक कोरडी सालं आली. मांजरा धरणाचा तळ दिसायला लागला. जनावरं छावणीत गेली, उरलासुरला ऊस त्यांच्या चाऱ्याला गेला, आणि एका दिवाळीनंतर कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही. आफ्रिकेत एका साखर कारखान्याला पॅनमन पाहिजेत असं कळलं, तेव्हा मी आणि भागवत दोघांनी नावं दिली. भागवत धर्मापुरीचा. त्याचे वडीलही उसाचे गाडीवान.

मुंबईला विमानतळावर भागवत मला म्हणाला, "कावून रं, तोंड असं कावून केलंस? पोलिसानं धरून आणल्यावानी दिसतोस."

"दोन रात्री डोळा लागला न्हाई."

"मग विमानात झोप की बे. तिकिटातच हाय ती."

त्याला चेष्टा सुचत होती, मला नाही. उतरल्या उतरल्या कारखान्याचा डॉक्टर तपासणार होता. बीपी वाढलेलं दिसलं तर आल्या पावली परत पाठवतात, असं आधी जाऊन आलेल्या एकानं सांगितलं होतं. घरी बायको, दोन लेकरं, आप्पा, आई. मला काहीही करून झोपायचं होतं. आणि झोपेचीच भीती वाटत होती. इतक्या उंचावर, खाली समुद्र, अंधार, आणि आपण डोळे मिटून पडायचं… अंगाला घाम फुटत होता.

भागवतची सीट माझ्या चार रांगा मागं आली. माझ्या रांगेत कडेला एक उंच गोरा माणूस, त्यानं बसल्या बसल्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढली. मधली सीट माझी, खिडकीत कुंदाताई. विमान वर गेल्यावर मी दोन्ही हातांनी सीटचे हात धरून ठेवलेले बघून त्या म्हणाल्या, "काऊन भाऊ, पहिल्यांदाच जाऊन राहिले का?"

आमच्याकडचं 'कावून' आणि त्यांचं 'काऊन'. एवढ्यानंच मला रडू आल्यासारखं झालं. मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरचं, बीपीचं, दोन रात्रींचं.

"मग उठा तिथून," त्या म्हणाल्या. "खिडकीत या तुम्ही. भिंतीला डोकं टेकते. मी झोपते कुठं बी, मले तर रिक्षात बी झोप लागते."

मग त्यांनी मला लहान पोराला निजवावं तसं निजवलं. बूट सैल करायला लावले. आपला जादाचा स्वेटर गुंडाळून माझ्या कमरेमागं दिला. मानेची ती गोल उशी गळ्यातून काढून मला दिली. चहा आला तर घेऊ दिला नाही.

"ब्लँकेट आधी घ्या, पट्टा त्याच्यावरून लावा. आतून लावला न, तर ती विमानातली पोरगी पट्टा पाहाले झोपेतून उठवते. आन् सैल ठेवा थोडा. पाय हलवत राहा." शेवटी पर्समधून कापूस काढून दोन बोळे माझ्या कानांत, दोन स्वतःच्या. "आता आवाज नाही की भेव नाही."

दिवे मंद झाले. त्या लगेच झोपल्या. मी मात्र जागाच. डोळा मिटला की वाटायचं, आपण घसरतोय. आणि मग मी ती चूक केली.

ही चूक उसाच्या गाडीवाल्याच्या पोराशिवाय कुणी करणार नाही, म्हणून जरा समजावून सांगतो. ऊस भरलेल्या गाड्या रात्री ओळीनं कारखान्याकडं निघायच्या. बैलांना रस्ता पाठ. वर उसाच्या मोळ्यांवर गाडीवानाला झोप लागायचीच. झोपेत पडला तर मागच्या गाडीच्या चाकाखाली. म्हणून गाडीवान डोक्याचा पटका सोडून काखेखालून छातीला वेढा घ्यायचे आणि टोकं गाडीच्या दोराला बांधायचे, एका हिसक्यात सुटेल अशा गाठीनं. आणि दुसरी रीत म्हणजे हाक. ओळीत सगळ्यांत मागं जाणत्या माणसाची गाडी. पडलेला माणूस मागच्याच्या चाकाखाली येतो, म्हणून हाक मागच्यानंच द्यायची. थोड्या थोड्या वेळानं तो ओरडायचा, "हाय का रं?" त्याच्या पुढचा म्हणायचा "हाय", मग त्याच्या पुढचा "हाय", असं करत पार पहिल्या गाडीपर्यंत. माणसं अर्ध्या झोपेत ओ द्यायची. मध्ये कुणाची ओ आली नाही की सगळ्या गाड्या थांबायच्या. आमच्या ओळीत शेवटची गाडी आप्पांची असायची.

आप्पांनी निघताना त्यांचा जुना पटका माझ्या पिशवीत घातला होता. मी तो काढला. ब्लँकेटच्या आत छातीला वेढा घेतला आणि टोकं सीटच्या दोन हातांना तशाच सुटणाऱ्या गाठीनं बांधली. आणि खरं सांगतो, बांधल्या बांधल्या झोप आली. पोरवयात उसावर यायची तशी. ब्लँकेट तोंडावर ओढलं आणि गेलो.

जाग आली ती हाकेनं.

"हाय का रं…"

आवाज मागून आला. शेवटच्या रांगेतून म्हणावं तर नाही, त्याच्याही मागून. विमानाच्या मागं काय असतं? काही नसतं, हवा असते. पण तिथूनच आला, लांबून, उघड्यावरून यावा तसा. आणि सगळ्यांत मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "हाय."

मग त्याच्या पुढची रांग. "हाय." बाईचा आवाज. मग म्हाताऱ्याचा. मग एका लेकराचा, झोपेत चघळल्यासारखा, "हाय." विमानात गुजराती होते, काळे होते, गोरे होते. सगळे तेच म्हणत होते, झोपेत, एकामागून एक, आणि ओळ माझ्याकडं सरकत येत होती. एक "हाय" भागवतचा होता. त्याचा घोगरा आवाज मी गर्दीत ओळखीन.

मला डोळे उघडता येत नव्हते. अंग दगडासारखं. मला एवढंच कळत होतं की आपली पाळी येणार, आणि ओ दिली पाहिजे.

आमची रांग आली. कडेचा गोरा माणूस म्हणाला, "हाय."

मग अगदी कानाशी कुंदाताई त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "हाव."

मग मी. मी तोंड उघडायला गेलो तर घशातून वारा निघेना. हात हलेना. सगळीकडं शांत… माझी ओ येईस्तोवर पुढं कुणी बोलत नव्हतं. आणि मागून पुन्हा हाक आली, या वेळी पार जवळून, दोन रांगा मागं असावी एवढ्यावरून.

"हाय का रं?"

त्या वेळी मला वाटलेली भीती मी लिहू शकत नाही. मरायची ती भीती नव्हती. मला वाटलं, गाड्या आता थांबणार नाहीत, मागचं चाक येतंय.

तेवढ्यात तोंडावरचं ब्लँकेट निघालं आणि उजेड आला. कुंदाताई माझ्या अंगावर वाकलेल्या. झोपेत माझे पाय पुढं सरकले होते, अंग खाली गेलं होतं आणि पटक्याचा वेढा काखेतून निसटून गळ्याला बसला होता. मानेची उशी कधीच घसरून खाली पडलेली. त्यांनी पटक्याचं टोक ओढलं. गाठ सुटणारी होती, सुटली. मी इतक्या जोरात श्वास घेतला की गोरा माणूस पट्टी काढून उठून बसला. हवाई सुंदरी धावत आली, तिनं नाकाला ऑक्सिजन लावला. गळ्यावर लाल वळ उठला होता.

बराच वेळ कुंदाताईंनी माझा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "काय करून राहिले होते भाऊ? फाशी घेऊन राहिले होते का?"

मी नाही म्हणून मान हलवली. बोलता येत नव्हतं.

"मी तर झोपली होती न गाढ. मागून कोणी तरी विचारून राहिलं होतं. काय विचारलं ते समजलं नाही, पण सगळे सांगून राहिले होते. मी बी हाव म्हटलं. मग तुमचं काही आलंच नाही. म्हटलं, हा काऊन नाही बोलत? त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. म्हणून पाहिलं."

त्यांच्या कानांत कापसाचे बोळे तसेच होते. माझ्याही.

मी त्यांना गाडीचं, हाकेचं काही सांगितलं नव्हतं. नागपूरकडच्या बाईला ते माहीत असायचं कारण नाही. उसाच्या गाडीत त्या कधी बसल्या का, तेही मी नंतर विचारलं. "संत्र्याच्या ट्रकमध्ये बसली एकदा," म्हणाल्या.

उजाडल्यावर मी मागं भागवतकडं गेलो आणि विचारलं, रात्री तू ओ दिलीस का? तो रात्रभर कानात हेडफोन घालून पिक्चर बघत होता. "कुनीच काय बोललं न्हाई बे. सगळं विमान मेल्यावानी झोपलं होतं." मग मी सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. त्यालाही ती हाक माहीत होती ना, तोही गाडीवानाचाच पोर. मग म्हणाला, "हे तू मला सांगाया नको होतंस. आपल्याला वापस बी असंच यायचंय."

डॉक्टरनं वळ बघितला, काय झालं विचारलं. झोपेत टॉवेल अडकला म्हणून सांगितलं. बीपी तर नीट निघालं… मला त्याचंही नवल वाटतं.

पहिला फोन लागला तेव्हा आप्पांना विचारलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्या कशाला हाक दिऊ? गाडी इकून किती सालं झाली. म्या तर छावनीत बैलांपशी झोपलो व्हतो."

"मग कोन असंल, आप्पा?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुला ओ देता आली का?"

"न्हाई आली."

"मग थांबलं का कोनी?"

"एक बाई थांबल्या."

"मग झालं," आप्पा म्हणाले. "जास्ती इचार करू नको." आणि फोन आईकडं दिला. आईनं नंतर हळूच सांगितलं, फोन देऊन ते तसेच बैलांकडं निघून गेले.

हे सगळं घडून आता बरेच दिवस झाले. पॅनवर रात्रपाळी असली की बरं वाटतं, झोपायचं नसतं. खोलीवर झोपलो की पहाटे कधी कधी जाग येते आणि मी अंधारात आपोआप "हाय" म्हणून टाकतो. कुणी विचारलेलं नसतं. तरी म्हणतो. न म्हणायची हिंमत होत नाही. त्या रात्री हाक कुणी दिली, कापूस घातलेल्या कानांना ती कशी ऐकू आली, भागवतनं तोंड उघडलं नाही तर त्याचा आवाज कुणाचा, यातलं एकही मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता येत असेल तर सांगा, पण दिवसाउजेडी सांगा.

जोहान्सबर्गला कुंदाताईंचं पुढचं विमान लगेच होतं. घाईत मी पाया पडलो तर म्हणाल्या, "पटका घडी करून पिशवीत ठेवा, आन् आता निजा बिनधास्त." नंबर घ्यायचं सुचलं नाही. गर्दीत तो मरून स्वेटर दिसत होता तोवर मी बघत राहिलो.

कुंदाताई, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर एवढंच सांगायचंय. कधी ना कधी एखाद्या लांबच्या रात्रीच्या प्रवासात मी तुमच्या शेजारी येऊन बसेन. खिडकी तुमची. तुम्ही कापूस घालून निवांत झोपा. तुमची पाळी आली आणि तुमच्याकडून ओ आली नाही, तर मी जागा असेन.